स्टोक्स यांनी लाटेचं गणित सोडवलं, पण ती लाट टिकते का?

आरमोरीजवळ वैनगंगेच्या पात्रावर वारा सुटला की लाटांच्या ओळी एकामागून एक सरकू लागतात. शाळेच्या वहीत आपण लाट काढतो तेव्हा वरचा उंचवटा आणि खालचा खळगा अगदी सारखे असतात. खरी लाट तशी नसते. तिचा माथा टोकदार आणि खळगा पसरट असतो. हे गणितात बसवलं जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी.

त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ चा, आयर्लंडमधल्या स्क्रीन गावचा. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. लहानपणी समुद्रात डुंबताना एका मोठ्या लाटेने त्यांना जवळजवळ ओढूनच नेलं होतं आणि लाटांचा नाद तिथूनच लागला, असं सांगतात. १८४१ मध्ये ते केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. १८४९ मध्ये एकेकाळी न्यूटन ज्या पदावर होते ते प्राध्यापकपद मिळालं, ते १९०३ मध्ये मरेपर्यंत त्यांच्याकडेच होतं. पाण्यात बारीक गाळ किती वेगाने खाली बसतो, याचं सूत्रही त्यांचंच.

१८४७ मध्ये त्यांनी दाखवलं, की लाट जितकी उंच तितकी ती जोरात पळते. आणि पाणी नुसतं वरखाली होत नाही, लाटेबरोबर थोडं थोडं पुढेही सरकतं. पुढे १८८० मध्ये सांगितलं, की सगळ्यात उंच लाटेचा माथा १२० अंशांचा कोन करतो.

पण एक प्रश्न राहिलाच. अशा एकसारख्या लाटांची रांग, मध्ये कुणी डिवचलं तर एकसारखी राहते का?

उत्तर यायला १९६७ उजाडलं. ब्रुक बेंजामिन आणि जिम फेअर यांनी लांबलचक टाकीत अशा लाटा सोडल्या. सुरुवातीला सगळं शिस्तीत, टाकीच्या पलीकडच्या टोकाला मात्र रांग विस्कटलेली! यंत्राचा दोष नव्हता, दोष लाटेच्या स्वभावातच होता. रांगेत मधल्या लाटा जराशा उंच झाल्या की त्या जोरात पळतात. पुढच्या लाटा दाबून आखूड होतात, मागच्या ताणून लांब. खोल पाण्यात लांब लाटांची ऊर्जा भरभर जाते, आखूड लाटांची सावकाश. म्हणजे मागून येणारी ऊर्जा मधेच साठते आणि उंच लाट आणखी उंच होत जाते.

हे उथळ पाण्यात होत नाही. खोली लाटेच्या लांबीच्या साधारण २२ टक्क्यांपेक्षा जास्त हवी. एक मीटर लांबीच्या लाटेला वीतभर पाणी त्यासाठी जवळजवळ पुरतं. समुद्रात अचानक उठणाऱ्या राक्षसी लाटांमागचं एक कारण म्हणून आज हीच गडबड तपासली जाते.