विश्लेषण : मोटारीच्या काचेचे रबर इमारतीला बसवणारा वास्तुविशारद… कोण होते एरो सारिनेन?

एसटीच्या जुन्या लाल बसची समोरची काच आठवून पाहा. काचेच्या कडेने जाड काळे रबर फिरवलेले असायचे. बस खड्ड्यातून आदळत गेली तरी काच जागची हलत नसे आणि पावसाचे पाणीही आत येत नसे. हेच रबर इमारतीच्या खिडकीला लावले तर? १९५० च्या सुमारास अमेरिकेत एका मोटार कंपनीसाठी इमारती उभारताना एका वास्तुविशारदाने ते खरोखरच लावून दाखवले. त्यांचे नाव एरो सारिनेन. ती कंपनी म्हणजे जनरल मोटर्स, तळेगावच्या कारखान्यामुळे आपल्याकडेही परिचित असलेली. जगाने सारिनेन यांना ज्या वास्तूंमुळे ओळखले, त्यातील बहुतेक पूर्ण होण्याआधीच वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मोटार कंपनीचे हे संकुल मात्र त्यांना पूर्ण झालेले पाहता आले. त्यांच्या कामाचे मर्मही तिथेच सापडते.

फिनलंडचा मुलगा अमेरिकेत कसा पोहोचला?

एरो यांचा जन्म २० ऑगस्ट १९१० रोजी फिनलंडमध्ये झाला. वडील एलिएल सारिनेन हे त्या देशातील नामवंत वास्तुविशारद. हेलसिंकीचे प्रसिद्ध रेल्वे स्थानक त्यांचेच. आई लोया शिल्पकार आणि विणकामातील कलावंत होत्या. योगायोग असा की, वडिलांचा वाढदिवसही २० ऑगस्टलाच असे. घरातच कामाची जागा होती, त्यामुळे एरो लहानपणी वडिलांच्या टेबलाखाली बसून चित्रे काढत.

१९२२ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने आपल्या नव्या इमारतीसाठी जागतिक स्पर्धा घेतली. त्यात एलिएल यांना दुसरे बक्षीस मिळाले. इमारत बांधायची संधी हुकली, पण अमेरिकेत नाव झाले. १९२३ मध्ये कुटुंब तिकडे गेले आणि डेट्रॉईटजवळच्या क्रॅनब्रुक या कला-शिक्षण संकुलात स्थिरावले. मोटारींची राजधानी असलेल्या शहराच्या शेजारी हा मुलगा वाढला, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

एरो आधी पॅरिसला शिल्पकला शिकले, मग १९३४ मध्ये येल विद्यापीठातून वास्तुकलेची पदवी घेतली आणि वडिलांच्याच कार्यालयात रुजू झाले. क्रॅनब्रुकमध्ये त्यांची चार्ल्स ईम्स यांच्याशी मैत्री झाली. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या फर्निचर स्पर्धेत दोघांच्या खुर्चीला पहिले बक्षीस मिळाले. ही मैत्री इतकी घट्ट होती की, पुढे एरो यांनी आपल्या मुलाचे नावच ‘ईम्स’ ठेवले.

जनरल मोटर्सला नवे संकुल का हवे होते?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जनरल मोटर्स ही जगातील सर्वांत बलाढ्य कंपन्यांपैकी एक होती. संशोधन, अभियांत्रिकी आणि गाड्यांचे डिझाइन करणारे विभाग मात्र वेगवेगळ्या ठिकाणी विखुरले होते. ते सगळे एकत्र आणण्यासाठी डेट्रॉईटच्या उत्तरेला वॉरन येथे ३०० एकरांहून मोठी जागा घेण्यात आली. ही जागा कारखान्यासारखी दिसू नये, तिथे नामवंत वास्तुविशारदाचा हात लागावा, असा कंपनीच्या डिझाइन विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांचा आग्रह होता.

१९४५ मध्ये हे काम सारिनेन यांच्या कार्यालयाकडे आले. म्हणजे अर्थात वडिलांकडे. पहिला आराखडा तयार झाला, तोच कंपनीत ११३ दिवसांचा मोठा संप झाला. बांधकामाचा खर्चही वाढत होता. प्रकल्प बासनात गेला.

एक तार आणि दोनदा साजरा झालेला आनंद

मधल्या काळात सेंट लुईस शहरात पश्चिमेकडील विस्ताराच्या स्मारकासाठी राष्ट्रीय स्पर्धा जाहीर झाली. वडील आणि मुलगा दोघांनीही भाग घेतला, पण वेगवेगळ्या प्रवेशिका पाठवून. १९४७ मध्ये पहिल्या फेरीतील पाच निवडक स्पर्धकांत एलिएल सारिनेन यांचा समावेश झाल्याची तार आली. घरात शॅम्पेनची बाटली फुटली. नंतर चूक लक्षात आली. निवड झाली होती ती मुलाची, नावात मात्र गफलत झाली होती. वडिलांनी पुन्हा एक बाटली उघडली, या वेळी मुलासाठी.

पुढच्या वर्षी एरो स्पर्धा जिंकले. त्यांची कल्पना कागदावर अगदी साधी होती : मिसिसिपी नदीच्या काठी स्टेनलेस स्टीलची एकच प्रचंड कमान. तेव्हा त्यांचे वय ३७ होते. तोवर लोकांच्या लेखी ते ‘एलिएल यांचा मुलगा’ होते.

जनरल मोटर्सच्या आराखड्यात काय बदलले?

१९४८ मध्ये कंपनीने प्रकल्प पुन्हा बाहेर काढला, तेव्हा सूत्रे एरो यांच्याकडे आली. १९४९ मध्ये काम सुरू झाले. १ जुलै १९५० रोजी वडिलांचे निधन झाले. कार्यालयाची सारी जबाबदारी एरो यांच्यावर आली.

वडिलांच्या आराखड्यातील डौलदार वळणे त्यांनी काढून टाकली. त्याऐवजी २२ एकरांच्या आयताकृती तलावाभोवती लांबट, बसक्या, काटकोनी इमारती मांडल्या. पोलाद आणि काचेची ही शिस्त त्या काळी शिकागोत काम करणाऱ्या मीस व्हॅन डेर रोह यांच्या वास्तुकलेतून आली होती, हे उघड होते. पण सारिनेन यांनी त्यात मोटार उद्योगाचे तर्कशास्त्र घातले.

ते असे : मोटारीचे सुटे भाग ठरलेल्या मापात बनतात आणि कोणत्याही गाडीत नेमके बसतात. मग इमारतीचे का नाही? संपूर्ण संकुलासाठी पाच फुटांचे एकच मूळ माप ठरवले गेले. खिडक्या, आतल्या भिंती, दिवे, प्रयोगशाळेची टेबले सगळे त्याच पटीत. उद्या एखादी प्रयोगशाळा मोठी करायची झाली, तर भिंत उचलून पाच फूट सरकवायची, इतके सोपे.

काचेच्या रबराची कल्पना नेमकी काय होती?

इमारतीच्या बाहेरच्या चौकटी अॅल्युमिनियमच्या होत्या. त्यात काच आणि मुलामा दिलेले धातूचे पत्रे बसवायचे होते. अडचण अशी की, उन्हाने अॅल्युमिनियम जितके प्रसरण पावते, तितकी काच पावत नाही. मिशिगनमध्ये हिवाळ्यात कडाक्याची थंडी आणि उन्हाळ्यात चांगलेच ऊन असते. खिडक्यांना लावतात ती लांबी अशा वेळी वाळून तडकते. मग फटीतून पाणी आणि वारा आत येतो.

मोटारीच्या समोरच्या काचेत हा प्रश्न आधीच सुटलेला होता. सारिनेन यांच्या चमूने तोच मार्ग निवडला. ‘निओप्रीन’ या कृत्रिम रबराची पट्टी घ्यायची. तिच्या एका खाचेत काच आणि दुसऱ्या खाचेत चौकट बसवायची. नंतर रबराचीच एक बारीक पट्टी मधल्या फटीत दाबत न्यायची, चेन ओढावी तशी. तिच्या दाबाने रबर दोन्ही बाजूंना घट्ट आवळले जाते. धातू हलला तर रबर दबते किंवा सुटते. काच सुरक्षित राहते. शिवाय फुटलेली काच बदलायची तर पट्टी काढा, नवी काच घाला, पट्टी परत लावा. एवढ्या मोठ्या प्रमाणावर अशी रबरी पट्टी इमारतीत वापरण्याचे हे सुरुवातीचे आणि सर्वांत गाजलेले उदाहरण मानले जाते. आज काचेच्या उंच इमारतींत रबरी गॅस्केट सर्रास दिसते.

मग हे संकुल नुसते यंत्रासारखे होते का?

नाही. सारख्या मापाच्या इमारती कंटाळवाण्या होतील याची सारिनेन यांना जाणीव होती. म्हणून इमारतींच्या टोकाच्या भिंती त्यांनी चकचकीत रंगीत विटांनी बांधल्या : लाल, नारिंगी, पिवळ्या, गडद निळ्या. विटांवरच्या या लकाकीचे रंग क्रॅनब्रुकच्या मृत्तिकाशिल्पी माया ग्रोटेल यांच्या मदतीने सिद्ध झाले. म्हणजे एका बाजूला मोटारीचे रबर आणि दुसऱ्या बाजूला कुंभाराची भट्टी.

पाण्याची टाकी एरवी इमारतीमागे लपवली जाते. इथे ती स्टेनलेस स्टीलची करून तीन पायांवर थेट तलावात उभी केली, देवळापुढच्या दीपमाळेसारखी. नव्या गाड्यांचे नमुने पाहण्यासाठी ६५ फूट उंच घुमट बांधला. त्याचे पोलादी कवच घुमटाच्या विस्ताराच्या मानाने इतके पातळ आहे की, त्या प्रमाणात अंड्याचे कवचही जाड ठरावे. संशोधन विभागाच्या दालनातील गोल जिन्याच्या दगडी पायऱ्या बारीक पोलादी सळ्यांवर तोलून धरलेल्या आहेत.

१६ मे १९५६ रोजी संकुलाचे उद्घाटन झाले. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी वॉशिंग्टनहून उपस्थितांना संबोधित केले. खर्च १० कोटी डॉलरच्या पुढे गेला होता. तत्कालीन नियतकालिकांनी या जागेला फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्याची उपमा दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये सारिनेन ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले.

टीका कशावरून झाली?

वॉरनच्या यशानंतर आयबीएम, बेल लॅब्ज, हिरव्या ट्रॅक्टरांची जॉन डीअर अशा बड्या कंपन्या त्यांच्याकडे आल्या. पण सारिनेन यांनी वॉरनची नक्कल कुठेच केली नाही. न्यूयॉर्कच्या विमानतळावर टीडब्ल्यूए कंपनीसाठी त्यांनी पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे काँक्रीटचे टर्मिनल योजले. येल विद्यापीठातील बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाला पाठीच्या कण्यासारखे छत दिले. जॉन डीअरसाठी असे पोलाद निवडले, ज्यावर गंजाचा तपकिरी थर चढतो आणि तोच थर आतल्या धातूचे रक्षण करतो. शेतीची अवजारे बनवणाऱ्या कंपनीला मातीचा रंग शोभेल, हा त्यामागचा विचार.

इथेच टीकाकारांचे बिनसले. येलचे इतिहासकार व्हिन्सेंट स्कली यांच्यासह अनेकांना हे उथळ वाटले. ज्याची प्रत्येक इमारत वेगळी, त्याची स्वतःची अशी शैली कोणती? बड्या कंपन्यांना हवी तशी छबी घडवून देणारा कलाकार, असाही सूर होता. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पण सारिनेन यांच्या दृष्टीने प्रश्न वेगळा असेल, तर उत्तरही वेगळेच असायला हवे होते. मोटारवाल्यांकडून रबर घेणे आणि ट्रॅक्टरवाल्यांना गंजाचे पोलाद देणे, ही दोन्ही एकाच सवयीची रूपे होती : आधी काम समजून घ्या, मग आकार ठरवा.

ही सवय महागडी होती. एकेका कल्पनेसाठी त्यांच्या कार्यालयात असंख्य चित्रे निघत आणि माणूस डोके घालू शकेल एवढ्या मोठ्या प्रतिकृती बनत. सहकाऱ्यांचे रात्री-अपरात्री काम चाले. पहिली पत्नी, शिल्पकार लिलियन स्वान यांच्याशी त्यांचा संसार टिकला नाही. १९५४ मध्ये त्यांनी कला समीक्षक अलाइन लुशाइम यांच्याशी लग्न केले.

शेवटी काय झाले?

१९६१ मध्ये त्यांच्या मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले. १ सप्टेंबर १९६१ रोजी अॅन आर्बर येथे शस्त्रक्रियेदरम्यान त्यांचे निधन झाले. वडिलांच्या निधनानंतर स्वतंत्रपणे काम करायला त्यांना जेमतेम अकरा वर्षे मिळाली.

अर्धवट राहिलेली कामे केव्हिन रोश आणि जॉन डिंकलू या सहकाऱ्यांनी पुढे नेली. टीडब्ल्यूए टर्मिनल आणि वॉशिंग्टनचा डलेस विमानतळ १९६२ मध्ये सुरू झाले. जॉन डीअरचे मुख्यालय १९६४ मध्ये उभे राहिले. सेंट लुईसच्या कमानीचे बांधकाम १९६३ मध्ये सुरू झाले आणि २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ६३० फुटांवर तिचे दोन पाय एकमेकांना भिडले. स्पर्धा जिंकून तेव्हा १७ वर्षे उलटली होती. अमेरिकन वास्तुविशारद संस्थेचे सुवर्णपदकही १९६२ मध्ये, मरणोत्तर मिळाले.

आज या वास्तूंचे काय?

टीडब्ल्यूए टर्मिनल २००१ मध्ये बंद पडले. २०१९ पासून तिथे हॉटेल आहे. बेल लॅब्जची न्यू जर्सीतील इमारत पाडली जाण्याच्या बेतात होती, ती वाचली आणि आता तिथे कार्यालये, दुकाने आहेत. दोन्ही वास्तू उरल्या, मूळ काम मात्र गेले. वॉरनचे संकुल याला अपवाद आहे. २०१४ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, तरी ते संग्रहालय झाले नाही. जनरल मोटर्सचे अभियंते आणि डिझाइनर आजही तिथे कामाला जातात. गाड्यांचे इंजिन, इंधन, आकार सगळे बदलले. भिंती पाच-पाच फुटांनी सरकवता येतील अशी सोय ज्याने केली, त्याला अशा बदलांचा अंदाज होता म्हणायचे.