फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई व शुश्रूषेची विद्या

हाती दिवा घेऊन रात्रीच्या समयी जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणाऱ्या एका बाईचे चित्र आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ते चित्र खोटे नाही. तथापि तेवढ्यावरून नाइटिंगेल बाईंविषयी जी समजूत होते ती फार अपुरी आहे. दुखणाइताजवळ रात्रभर जागणाऱ्या दयाळू स्त्रिया त्यांच्यापूर्वीही प्रत्येक देशात व प्रत्येक गावात होत्याच. परंतु दया असली म्हणजे शुश्रूषा येतेच असे नाही, ती शिकावी लागते, आणि जी ती शिकली आहे तिने आपल्या कामाचा जाब दिला पाहिजे, ही गोष्ट त्यांनी जगाला दाखवून दिली. तो जाब कोणी घ्यावा, शिकविणाऱ्या वडील बाईने की सरकारच्या कायद्याने, या प्रश्नावर त्यांचा म्हातारपणी मोठा वाद झाला. तो आपल्या लोकांस फारसा ठाऊक नाही, म्हणून या चरित्रात त्यास अधिक जागा दिली आहे.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटली देशातील फ्लॉरेन्स शहरी झाला व त्या शहराचेच नाव मुलीस ठेवण्यात आले. आईबाप इंग्रज व मोठे श्रीमंत होते. बापाने आपल्या दोन्ही मुलींस स्वतः लॅटिन, ग्रीक, इतिहास व गणित हे विषय शिकविले. धाकट्या फ्लॉरेन्सला गणिताची विलक्षण गोडी होती, व ती पुढे कशी कामास आली ते लवकरच कळेल. १८३७ च्या फेब्रुवारी महिन्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, देव आपणास त्याच्या सेवेस बोलावीत आहे अशी तिची खात्री झाली. परंतु ती सेवा कोणती हे तिला कळले नाही, आणि कळल्यावरही ती हाती यावयास सोळा वर्षे लागली.

ही सोळा वर्षे तिने घरातच झुरत काढली. १८४५ साली जवळच्या सॉल्सबरी येथील इस्पितळात जाऊन काम शिकावे असे तिने घरी सांगितले, तेव्हा आईने व बहिणीने मोठा आकांत केला. त्यांचाही सर्वस्वी दोष नव्हता. त्या काळी इंग्लंडातील इस्पितळे दुर्गंधीने भरलेली असत आणि तेथे रोग्यांपाशी राहणाऱ्या बाया बहुधा निरक्षर असून त्यांपैकी पुष्कळ दारूच्या आहारी गेलेल्या असत. डिकन्स या प्रख्यात कादंबरीकाराने अशाच एका दारुड्या बाईचे चित्र काढून सर्व देशास हसविले होते. त्या बायांविषयी आम्हांस मात्र हसू येत नाही. त्यांस वेतन तुटपुंजे मिळे, त्यांतील कित्येकींस रोग्यांच्याच खोलीत निजावे लागे, आणि काम कसे करावे हे त्यांस कोणी कधी शिकविलेच नव्हते.

ऱ्हाइन नदीच्या काठी कैसरवर्थ नावाच्या लहानशा गावी पाळक थिओडोर फ्लीडनर व त्यांची पत्नी फ्रीडरिका यांनी १८३६ साली डीकनेस भगिनींचा आश्रम स्थापन केला होता. तेथे साध्या घरच्या प्रॉटेस्टंट मुलींस रोग्यांची, अनाथांची व बंदीतून सुटलेल्या स्त्रियांची सेवा करण्याचे शिक्षण मिळे. १८५१ साली फ्लॉरेन्स तेथे सुमारे तीन महिने राहिली. पहाटे उठणे, साधे अन्न खाणे, जखमा धुणे व मरणाऱ्यापाशी बसणे, हा तेथील क्रम होता. रोग्यांच्या देखभालीची तेथील पद्धत फार उत्तम होती असे नाही, आणि ते तिने पुढे मोकळेपणाने सांगितलेही. पण चांगल्या चालीच्या स्त्रिया एका नियमाखाली राहून हे काम अब्रूने करू शकतात, हे तिने तेथे डोळ्यांनी पाहिले. १८५३ साली बापाने तिला दरसाल ५०० पौंड बांधून दिले, आणि लंडनमधील आजारी स्त्रियांच्या एका लहान इस्पितळाची ती मुख्य झाली. येथून पुढे आपण तिला बाई म्हणू.

१८५४ साली इंग्लंड, फ्रान्स व तुर्कस्थान यांची रशियाशी क्रिमियात लढाई चालू होती. जखमी इंग्रज शिपाई समुद्रापलीकडे स्कुटारी येथील तुर्की बराकीत आणून टाकण्यात येत आणि तेथे त्यांची दैना होई, हे वर्तमान लंडनच्या वर्तमानपत्रांत आले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही होते. त्यांच्या विनंतीवरून ३८ स्त्रिया बरोबर घेऊन बाई २१ ऑक्टोबर रोजी निघाल्या व ४ नोव्हेंबर १८५४ रोजी स्कुटारीस पोहोचल्या. या ३८ जणींत १० रोमन कॅथलिक जोगिणी होत्या, १४ इंग्लंडच्या मंडळीच्या दोन निरनिराळ्या संस्थांतील होत्या व १४ पगारी इस्पितळातील बाया होत्या. पंथापंथांत अढी असलेल्या या स्त्रियांस एका शिस्तीत चालविणे, हे काम शत्रूच्या तोफांपेक्षा कमी कठीण नसावे.

तेथील डॉक्टरांस या बाया नकोच होत्या. मग बाईंनी काय केले? आपणहून खोल्यांत शिरून त्या तंटा करीत बसल्या नाहीत. डॉक्टरांनी बोलाविल्याखेरीज कोणत्याही बाईने रोग्यास हात लावू नये, व त्यांनी सांगितल्याखेरीज अन्नाचा किंवा औषधाचा घासही देऊ नये, असा त्यांनी सक्त हुकूम केला. बायका रागावल्या. इतके शिपाई तळमळत असता आपण नुसत्या फाटक्या कापडाच्या पट्ट्या शिवीत बसावे काय? थोड्याच दिवसांत इंकरमनच्या लढाईतील जखमी शेकड्यांनी आले आणि डॉक्टरांनीच मदतीची हाक मारली. पुढे बाईंनी जमीन घासण्याचे ब्रश मागविले, एक घर भाड्याने घेऊन त्यात कपडे उकळण्याच्या भट्ट्या बसविल्या, शिपायांच्या बायकांस धुण्याचे काम दिले, आणि दुखणाइतांस सोसेल असे अन्न शिजविण्याची निराळी चूल मांडली. ज्या परिचारिका दारू प्याल्या किंवा ज्यांनी हुकूम मोडला त्यांस त्यांनी घरी परत पाठविले. रात्री दिवा घेऊन फिरणे हे या सर्वांच्या शेवटचे काम होते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ पुस्तकांतून ती वगळलेली आढळते. बाई आल्याबरोबर मृत्यू थांबले नाहीत. उलट त्या हिवाळ्यात ते वाढतच गेले, आणि १८५५ च्या फेब्रुवारीत इस्पितळात येणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ४२ मरत होते. त्या इमारतीच्या खालून तुंबलेली गटारे वाहत होती आणि खिडक्यांतून हवा येत नव्हती. मार्चमध्ये विलायतेहून आरोग्याचे पंचमंडळ आले, त्याने गटारे साफ करविली, पाणी शुद्ध केले, हवा खेळती केली, तेव्हा कोठे मृत्यू झपाट्याने उतरले. ही गोष्ट लढाई चालू असता बाईंच्या पुरती ध्यानात आली नव्हती. १८५६ साली परत आल्यावर विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यांनी मृतांचे आकडे मांडले, तेव्हा जखमांनी मेलेल्यांपेक्षा घाणीच्या रोगांनी मेलेले कितीतरी अधिक होते असे दिसून आले. दुसरा कोणी असता तर त्याने हे आकडे झाकून ठेवले असते, कारण सगळा देश त्यांस देवदूत म्हणून मान देत होता. बाईंनी ते रंगीत चित्राकृती काढून सरकारपुढे ठेवले. लहानपणी शिकलेले गणित ते हेच.

लोकांनी कृतज्ञतेने त्यांच्या नावे सुमारे ४४,००० पौंडांचा फंड जमविला होता. त्यातून १८६० साली लंडनमधील सेंट थॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या वेळी १५ उमेदवार स्त्रिया घेण्यात आल्या. एक वर्षाचे शिक्षण, राहण्याजेवण्याची सोय, पोशाख व वर्षास १० पौंड, असा करार होता. बाईंची प्रकृती लढाईतील तापाने कायमची खालावली होती. त्यामुळे त्या स्वतः शिकवीत नसत. ते काम मेट्रन मिसेस वॉर्डरोपर यांच्याकडे होते. परंतु सारी योजना बाईंची होती. प्रत्येक उमेदवाराविषयी दर महिन्यास एक तक्ता भरावा लागे. त्याच्या एका भागात वक्तशीरपणा, स्वच्छता, शांतपणा व विश्वासूपणा यांची नोंद होई. दुसऱ्यात पट्ट्या बांधणे, रोग्यास न दुखविता हलविणे, रोग्याचे अन्न शिजविणे, त्याच्या स्थितीचे बारकाईने निरीक्षण करून ते डॉक्टरास खरे खरे सांगणे, अशा कामांची. चाल चांगली पण हात कच्चा, तिला दाखला नाही. हात कुशल पण चाल वाईट, तिलाही नाही. याच सुमारास त्यांनी शुश्रूषेविषयी एक लहान पुस्तक लिहिले. हवा, ऊन, स्वच्छ पाणी, निचरा व शांतता या गोष्टी त्यात प्रत्येक घरच्या स्त्रीकरिता समजावून दिल्या आहेत. रोगजंतूंचा शोध पुढे लागला तेव्हा दुर्गंधीनेच रोग होतात हे आपले जुने मत त्यांनी बराच काळ सोडले नाही, ही त्यांची चूक होती. सांगितलेले उपाय मात्र बहुतेक खरे ठरले.

या शाळेतून व तिच्या धर्तीवर शिकलेल्या स्त्रिया दूरदूर गेल्या. अ‍ॅग्नेस जोन्स या बाई १८६५ साली १२ परिचारिका घेऊन लिव्हरपूलच्या कंगालखान्यातील रोग्यांकडे गेल्या, आणि तीन वर्षांत टायफस तापाने तेथेच वारल्या. ल्यूसी ऑसबर्न बाई १८६८ साली ऑस्ट्रेलियात सिडनी येथे गेल्या. नाइटिंगेल बाईंनी आपला हिंदुस्थान देश कधी पाहिला नाही, तरी त्याविषयी त्यांनी खाटेवर पडून जितके लिहिले तितके येथे राहून गेलेल्या थोड्याच इंग्रजांनी लिहिले असेल. येथील गोऱ्या पलटणींत दर हजारी ६९ शिपाई दरसाल मरतात हे त्यांनी १८६३ साली सरकारास दाखविले. पुढे त्यांचे लक्ष पलटणींवरून खेड्यांकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांनी गावच्या आरोग्याविषयी पत्रव्यवहार केला, आणि गावापासून घेतलेल्या पट्टीचा पैसा प्रथम गावच्या स्वच्छतेकडे लागावा अशी मागणी त्यांनी विलायत सरकारकडे केली.

आता तो वाद. १८८७ साली लंडनमध्ये मिसेस बेडफर्ड फेनविक यांच्या पुढाकाराने ब्रिटिश परिचारिकांचा संघ निघाला. या बाई सेंट बार्थोलोम्यू इस्पितळाच्या मेट्रन होत्या व त्यांचा स्वभाव मोठा करारी होता. त्यांचे म्हणणे असे की, आज कोणीही बाई टोपी व एप्रन घालून स्वतःस परिचारिका म्हणविते. इस्पितळातून काढून टाकलेली बाईसुद्धा दुसऱ्या दिवशी एखाद्याच्या घरी पगार घेऊन रोग्याच्या उशाशी बसते. रोग्याने तिची परीक्षा कशी करावी? डॉक्टरांकरिता १८५८ च्या कायद्याने नोंदवही झाली आहे, तशीच परिचारिकांकरिता व्हावी. तीन वर्षे इस्पितळात शिक्षण, सर्वांची एकच परीक्षा, आणि गैरवर्तन केल्यास नाव काढून टाकणे, असा नियम सरकारने करावा.

ज्या बाईंनी ही विद्या उभी केली त्यांनीच या मागणीस विरोध केला, याचे पुष्कळांस नवल वाटले. नाइटिंगेल बाईंचे म्हणणेही पोकळ नव्हते. परीक्षेत पाठांतर कळते, पण धीर, कोमलपणा व सत्य बोलणे ही परीक्षेत कशी कळावीत? एकदा वहीत नाव चढले की दहा वर्षांनी ती बाई कशी आहे हे वही सांगत नाही. ते तिच्याबरोबर काम करणारी मेट्रनच सांगू शकते. सर्व इस्पितळांतील शिक्षण अजून सारखे नाही, तेव्हा आज कायदा केल्यास जे हलके तेच सर्वांचे माप होऊन बसेल. आणि परिचर्या हे पाचारण आहे, नुसता धंदा नव्हे, असे त्यांचे मत शेवटपर्यंत होते. त्यांच्या वजनामुळे १८९३ साली संघास राजसनद मिळाली खरी, पण तीत नोंदवही हा शब्द न येता केवळ यादी ठेवण्याची परवानगी आली.

दोघींपैकी कोणाचे खरे? आमच्या मते नाइटिंगेल बाईंनी जे सांगितले ते चांगल्या मेट्रनच्या हाताखालील परिचारिकेस लागू होते. जिच्यावर मेट्रनच नाही, जी परक्या घरी एकटी जाते, तिच्यापासून गरीब रोग्याचा बचाव कोणी करावा याचे पुरते उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. इतर देश वाट पाहत बसले नाहीत. आफ्रिकेतील केप वसाहतीत १८९१ साली व न्यूझीलंडात १९०१ साली परिचारिकांच्या सरकारी नोंदणीचा कायदा झाला.

बाई तोपर्यंत अंध झाल्या होत्या. १९०७ साली राजाने त्यांस ऑर्डर ऑफ मेरिट हा मान दिला. तो मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. वेस्टमिन्स्टर ॲबीत राजेरजवाड्यांशेजारी पुरण्याची सूचना नातलगांनी मान्य केली नाही. ईस्ट वेलो या खेड्यात आईबापांजवळ त्यांस पुरले, आणि थडग्यावर नावाची दोन आद्याक्षरे व जन्ममृत्यूच्या तारखा एवढेच कोरले.

पुढे पहिल्या महायुद्धात शिकलेल्या परिचारिकांबरोबर हजारो न शिकलेल्या स्वयंसेविका इस्पितळांत आल्या, आणि कोण शिकलेली व कोण नाही हा प्रश्न टाळता येईना. १९१९ साली इंग्लंडात कायदा झाला. परिचारिकांची परिषद स्थापन झाली, शिक्षणाची मुदत व परीक्षा ठरली, आणि नोंदणी नसता नोंदलेली परिचारिका म्हणविणे हा गुन्हा ठरला. त्या नोंदवहीत पहिले नाव मिसेस फेनविक यांचे आहे. परंतु नाव चढण्यापूर्वी इस्पितळातील शिक्षण व चांगल्या वर्तणुकीची खात्री लागे, आणि हा नियम सेंट थॉमसच्या त्या मासिक तक्त्याचाच वंशज होय.

आपल्याकडे मद्रास इलाख्यात १९२६ साली व मुंबई इलाख्यात १९३५ साली परिचारिका व सुइणी यांच्या नोंदणीचे कायदे झाले, आणि १९४७ साली सर्व देशाकरिता परिचर्या परिषदेचा कायदा झाला. मुंबई इलाख्याच्या नोंदवहीत मिरजेसारख्या मिशन इस्पितळांत शिकून तयार झालेल्या खेड्यापाड्यांतील मुलींचीही नावे आली.