लिओ सिलार्ड

अणुबाँब म्हटला की आपल्याला आइन्स्टाइन आठवतो, नाहीतर ओपेनहायमर. मी कलाशाखेचा विद्यार्थी. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध शाळेबरोबरच संपला. पण लिओ सिलार्डचे चरित्र वाचल्यापासून हा माणूस काही केल्या मनातून जात नाही.

बुडापेस्टच्या एका ज्यू कुटुंबात तो १८९८ साली जन्मला. शिक्षण बर्लिनला झाले. १९३३ साली हिटलर सत्तेवर येताच त्याने जर्मनी सोडली आणि तो लंडनला आला. अणूतून शक्ती मिळवण्याच्या गोष्टी निरर्थक आहेत, असे रदरफर्डसारख्या अधिकारी पुरुषाचे मत त्याच सप्टेंबरात वृत्तपत्रात आले होते. सिलार्डला ते पटेना. साउदॅम्प्टन रो नावाच्या रस्त्यावर सिग्नलपाशी त्याला सुचले, की एका न्यूट्रॉनच्या आघाताने दोन न्यूट्रॉन बाहेर टाकणारे मूलद्रव्य सापडले, तर दोनाचे चार, चाराचे आठ अशी साखळी सुरू होईल. त्याने १९३४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, आणि ते गुप्त राहावे म्हणून पुढे ब्रिटिश नौदलाच्या स्वाधीन केले. मूलद्रव्य मात्र सापडेना. बेरिलियम झाले, इंडियम झाले. युरेनियमपर्यंत तो पोचलाच नाही! तो तेव्हाच पोचला असता तर काय झाले असते, या विचाराने अंगावर काटा येतो.

१९३८ च्या डिसेंबरात युरेनियमचा अणुगर्भ फुटतो हे बर्लिनमध्ये हान व स्ट्रासमान यांच्या प्रयोगातून दिसले. सिलार्ड तोवर अमेरिकेत पोचला होता. उसन्या पैशांनी रेडियम भाड्याने घेऊन मार्च १९३९ मध्ये त्याने वॉल्टर झिनबरोबर कोलंबिया विद्यापीठात प्रयोग केला. पडद्यावर प्रकाशाचे ठिपके चमकले. न्यूट्रॉन बाहेर पडत होते.

यानंतर त्याने जे केले, ते मला सर्वांत अवघड वाटते. हे निष्कर्ष छापू नयेत, असा आग्रह त्याने सहकाऱ्यांकडे धरला. ज्ञान खुले असावे असे मानणाऱ्या फर्मीला तो रुचला नाही. पॅरिसच्या जोलिओने तर आपला निबंध प्रसिद्धही केला. मग आइन्स्टाइनकडे धाव. अध्यक्ष रूझवेल्टना गेलेले २ ऑगस्ट १९३९ चे ते प्रसिद्ध पत्र सही आइन्स्टाइनची असले, तरी खटपट सिलार्डची होती. अणुभट्टीच्या ग्रॅफाइटमध्ये बोरॉनचा अंशही नको, हा हट्टही त्याचाच. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत अणुभट्टी चालू झाली.

१९४५ मध्ये जर्मनी शरण आली. जिच्या भीतीने हा खटाटोप केला तीच उरली नव्हती. जपानवर बाँब टाकण्याची घाई करू नये, असा अर्ज सिलार्डने लिहिला. त्यावर सत्तर जणांच्या सह्या झाल्या. अर्ज सरकारी मार्गाने निघाला आणि ट्रुमनपर्यंत पोचलाच नाही. एके काळी गुप्ततेसाठी झटणाऱ्या माणसाचाच कागद गुप्ततेत अडकला!

युद्धानंतर तो जीवशास्त्राकडे वळला. १९६४ साली कॅलिफोर्नियात वारला. आपल्या शाखेच्या मंडळींनी त्याची एक कथा मिळवून अवश्य वाचावी. ती १९४९ साली छापून आली. तिच्यात युद्धगुन्हेगार म्हणून पकडला जातो, तो सिलार्ड स्वतःच.