नेव्हिल डिसूझा

मुलांनो, एखादा खेळाडू देशाकडून पन्नास सामने खेळला, की त्याच्या नावावर पन्नास कॅप आहेत असे म्हणतात. कॅप म्हणजे टोपी. पण फुटबॉल खेळताना तर कोणी टोपी घालत नाही! पूर्वी मात्र इंग्लंडमधील खेळाडू टोपी घालून मैदानात उतरत. १८८६ साली तेथील फुटबॉल संघटनेने ठरवले, की देशाकडून खेळणाऱ्याला पांढऱ्या रेशमाची टोपी द्यायची. तिच्यावर लाल गुलाब भरलेला असे. पुढे डोक्यावरची टोपी गेली, मोजणी मात्र टोप्यांचीच राहिली.

या मोजणीत नेव्हिल डिसूझा यांचे नाव फार वर सापडत नाही. पण नुसत्या मोजणीने सगळे कळते असे नाही.

नेव्हिल यांचा जन्म १९३२ सालचा. घराणे मूळचे गोव्याचे. ते मुंबईत टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून खेळत आणि संघात पुढे राहून गोल करणे हे त्यांचे काम होते.

१९५६ साली मेलबर्नला ऑलिम्पिक सामने झाले. भारताचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ते पेशाने शाळामास्तर! चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला होता. तेव्हा आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

मेलबर्नला हंगेरीने माघार घेतली, म्हणून भारताचा पहिला सामना झालाच नाही. १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. बरोबर एक महिन्यापूर्वी, १ नोव्हेंबरला, आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला होता. नवव्याच मिनिटाला नेव्हिल यांनी गोल केला. मध्यंतराला २-२ अशी बरोबरी होती. दोन्ही गोल नेव्हिल यांचेच होते. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत त्यांनी तिसराही केला. किट्टू यांनी चौथा केला आणि भारत ४-२ असा जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू. गंमत पाहा, ‘हॅटट्रिक’ या शब्दातही टोपी आहेच!

उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. पहिला गोल नेव्हिल यांनी केला. हेलसिंकीचा हिशेब चुकता होणार, असे क्षणभर वाटले असेल. पण दोनच मिनिटांत बरोबरी झाली आणि सामना ४-१ असा हातचा गेला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने भारताला ३-० असे हरवले. भारत चौथा आला.

तीन सामने, म्हणून तीन कॅप. गोल मात्र चार! त्या स्पर्धेत सर्वांत जास्त गोल करणाऱ्या तिघांपैकी नेव्हिल एक होते. पदक गळ्यात पडले नाही, पण तो चौथा क्रमांक भारताला पुन्हा गाठता आला नाही. १९६० नंतर तर आपला फुटबॉल संघ ऑलिम्पिकपर्यंत पोहोचलेलाच नाही.

नेव्हिल १९८० साली वारले. तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती.