स्टंटपटांचे मास्टर भगवान

गिरणी कामगाराच्या घरात १९१३ साली जन्मलेले भगवान आभाजी पालव मूकपटांच्या अखेरच्या पर्वात पडद्यावर आले. डग्लस फेअरबँक्स हा त्यांचा आदर्श. उड्या, मारामाऱ्या ते स्वतःच करीत. पुढे बोलपटांच्या काळात, कमी खर्चाच्या स्टंटपटांतून हाणामारी व विनोदाची सांगड घालून त्यांनी कामगारवर्गाला जिंकले. मात्र १९४२ मध्ये चित्रीकरणात त्यांची थप्पड जोरात बसली आणि ललिता पवार यांचा डावा डोळा कायमचा अधू झाला. १९४७ मध्ये चेंबूरला त्यांचा जागृती स्टुडिओ उभा राहिला. १९५१ च्या ‘अलबेला’ने कीर्ती कळसाला नेली. नंतरच्या अपयशात जुहूचा बंगला, मोटारी गेल्या. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या चाळीत त्यांचे निधन झाले. त्यांची संथ नृत्यशैली मात्र पुढच्या नायकांनी उचलली.