गुरुजींचा छापखाना

मी आज इटलीतल्या आल्दो मानुत्सिओंची माहिती सांगते. ते आधी शिकवण्या करायचे. पुढे त्यांनी व्हेनिसला छापखाना काढला. १५०१ साली त्यांनी हातात मावणारी छोटी पुस्तके तिरप्या अक्षरांत छापली. फ्रान्समधल्या लियोंच्या छापखानेवाल्यांनी लगेच नक्कल केली! १५०२ साली व्हेनिस सरकारने आल्दोंना खास हक्क दिला. पण तो परमुलखात कसा चालणार? म्हणून १५०३ साली त्यांनी नकली पुस्तकांतल्या चुकांची यादीच छापली. झाले भलतेच! ती वाचून नक्कल करणाऱ्यांनी चुका सुधारल्या. १५१५ साली आल्दो वारले. लेखकांचा हक्क मानणारा कायदा इंग्लंडात १७१० साली लागू झाला. माझा निबंध कुणी आपल्या नावावर खपवला, तर मला वाईट वाटेल. आल्दोंनाही तसेच वाटले असेल ना?