डॉक्टर होता आलं नाही, म्हणून...

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंना घेऊन दवाखान्यात गेले होते. काकूंना दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. केसपेपर काढला, बाकावर बसलो. मी खालून औषध घेऊन येईपर्यंत काकूंचा नंबर पुकारून झालाही होता. मग पुन्हा रांगेच्या शेवटी! वर, म्हातारीला काही कळत नाही, हे ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. काकूंना कळतं सगळं, ऐकू येत नाही इतकंच. त्यात त्यांच्या घरमालकाने खोली सोडायला सांगितलीय. नवी खोली बघायला गेलं की लोक आधी चहा देतात आणि मग हळूच कारणं सांगतात. एकटी बाई, दाराची कडी वाजवली तर ऐकू येणार नाही, गॅस चालू राहिला तर काय करायचं?

त्या रात्री मला पंडिता रमाबाईंची आठवण झाली. मैत्रिणींनो, रमाबाईंचं नाव आपण शाळेत वाचलंय. पण त्यांनाही कमी ऐकू येत होतं आणि त्यापायी त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून गावाचा रोष ओढवून घेऊन ते रानात जाऊन राहिले होते. पुढे घरच मोडलं. सगळं कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरू लागलं. दुष्काळ आला आणि १८७४ साली आई, वडील, थोरली बहीण, तिघंही भुकेने आणि आजाराने गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चालत राहिले. १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीचं संस्कृत ऐकून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. मग भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जात न बघता लग्न केलं. १८८१ साली मुलगी झाली, मनोरमा. १८८२च्या फेब्रुवारीत नवराही कॉलऱ्याने गेला. चोवीस वर्षांचं वय पुरं व्हायच्या आधी या बाईने घरातली किती माणसं पोहोचवली, मोजून बघा.

मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी सरकारचं शिक्षण कमिशन, म्हणजे हंटर कमिशन, आलं होतं. त्याच्यापुढे रमाबाईंनी साक्ष दिली. इतर गोष्टींबरोबर एक मागणी ठासून केली, की बायकांना डॉक्टर व्हायला शिकवा. पुरुष डॉक्टरला दुखणं सांगायची लाज वाटते म्हणून आपल्या बायका दुखणं अंगावर काढतात आणि मरतात, हे त्यांनी त्या साहेबांना स्पष्ट सांगितलं. पुढे १८८५ साली लेडी डफरिन फंड निघाला, गावोगाव बायकांचे दवाखाने झाले. त्यामागच्या कारणांत या साक्षीचंही नाव घेतात.

नुसतं सांगून गप्प बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. आपणच डॉक्टर व्हायचं, असं ठरवून १८८३ साली दोन वर्षांच्या पोरीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेजला ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्माही घेतला. इकडे केवढा गहजब झाला ते सर्वांना माहीत आहे. पण त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली, तिची चर्चा फारशी होत नाही. त्यांचं ऐकणं कमी होत चाललं होतं. वैद्यकीचं शिक्षण घ्यायचं तर कान चांगले हवेत. ते दार बंद झालं.

मला नेहमी वाटतं, धर्मांतरावर इतकं लिहिलं गेलं, तेवढं या बंद दारावर लिहायला हवं होतं. ज्या बाईने बायकांना डॉक्टर मिळाव्यात म्हणून सरकारपुढे उभं राहून सांगितलं, तिलाच कानापायी डॉक्टर होता येऊ नये! बरं, ही काही फक्त तेव्हाची गोष्ट नाही. अपंगत्वाच्या टक्केवारीचा नुसता आकडा बघून मुलाला एमबीबीएसचा प्रवेश नाकारू नका, तो शिकू शकेल की नाही हे तज्ज्ञांनी तपासा, असं सुप्रीम कोर्टाला २०२४ साली सांगावं लागलं.

रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे शिकल्या आणि संस्कृत शिकवलंही. आणि मग १८८६चा मार्च. अमेरिकेत फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. आनंदीबाई नात्यातल्या, म्हणून रमाबाई मुलीला घेऊन समुद्र ओलांडून त्या पदवीदान समारंभाला गेल्या. जे स्वतःला मिळालं नाही, ते दुसरीला मिळताना बघायला गेल्या. कशी बसली असेल ती बाई तिथे? त्या सभेतलं भाषण तरी नीट ऐकू आलं असेल का? पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७मध्ये, आनंदीबाई क्षयाने पुण्यात गेल्या. दोघींपैकी एकीलाही आपल्या बायकांची नाडी बघायला मिळाली नाही.

रमाबाईंनी मग वेगळी वाट धरली. अमेरिकेत इंग्रजीतून पुस्तक लिहिलं, गावोगाव व्याख्यानं दिली, पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ला मुंबईत चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ उघडलं. शाळा आणि राहायची जागा, दोन्ही एकत्र. हे राहायचं फार महत्त्वाचं. विधवेला शिकवणार कोण हा प्रश्न होताच, पण त्याआधी तिला छपराखाली घेणार कोण?

इथे आपल्या रत्नागिरीचा संबंध येतो. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी आपल्या देवरुखची, गोदूबाई जोशी. आठव्या वर्षी विधवा झालेली. विशी उलटल्यावर अक्षरं गिरवायला बसली. हीच पुढे १८९३ साली मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून बाया कर्वे झाली. आणि सदनावर सगळ्यात कडक टीका केली ती ‘केसरी’ने, म्हणजे आपल्याच टिळकांनी! मुलींना ख्रिस्ती करतात या आरोपावरून १८९३मध्ये रानडे-भांडारकरांनीही सल्लागारपद सोडलं, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. आरोपात अजिबात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. मुली प्रार्थनेला बसत होत्या. पण त्या मुलींना ठेवून घ्यायला दुसरं घर तेव्हा कुठे होतं? कर्व्यांनी ते १८९६ साली काढलं.

त्याच वर्षाअखेरीला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आई-बाप दुष्काळात गमावलेली रमाबाई घरी कशी बसणार? त्या स्वतः जाऊन शेकडो मुली आणि बायका घेऊन आल्या. इकडे पुण्यात प्लेग. शहरात इतक्या जणींना आणायची परवानगी नाही. प्लेगच्या इस्पितळात बायकांचे कसे हाल होतात, आपली एक मुलगी तिथे नेली ती कशी हाती लागली नाही, हे रमाबाईंनी १८९७मध्ये पेपरात लिहिलं. गव्हर्नरसाहेबांनी ते खोटं ठरवलं. पण रमाबाई वाट बघत बसल्या नाहीत. पुण्यापासून दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी जमीन घेतलेली होती. माळरानच ते. तिथे आधी तंबू आणि झोपड्या, मग विहिरी, मग पक्क्या इमारती. त्याचं नाव मुक्ती. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातूनही बायका आल्या, आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

एवढ्या जणींमध्ये अर्थातच सगळ्या धडधाकट नव्हत्या. कुणी आंधळी, कुणी पांगळी, कुणी म्हातारी. अशांना दुसऱ्या संस्था घ्यायला कचरतात, कारण त्या शिकून, लग्न होऊन बाहेर पडत नाहीत, कायमच्या राहतात. रमाबाईंनी त्यांच्यासाठी घरं बांधली. आंधळ्या बायकांसाठी बार्तीमी सदन, म्हाताऱ्या आणि दुबळ्या बायकांसाठी प्रीती सदन. मनोरमा आंधळ्यांची ब्रेल लिपी शिकली आणि तिने तिथे आंधळ्यांची शाळा सुरू केली. बोटांनी वाचायचं, हातांनी टोपल्या विणायच्या. फुकट कुणी बसायचं नाही, तसंच नकोशी म्हणूनही कुणी बसायचं नाही. विणकाम, तेलाचा घाणा, गाईगुरं, छापखाना, सगळं बायकांच्याच हातात. त्या छापखान्यात रमाबाईंनी स्वतः केलेलं बायबलचं मराठी भाषांतरही बायकांनीच छापलं.

शेवटच्या वर्षांत रमाबाईंना फारच कमी ऐकू यायचं. कामाचा भार मनोरमेवर होता. आईच्या मागे मुक्ती तीच बघणार हे ठरलेलं. पण २४ जुलै १९२१ला मनोरमाच आधी गेली. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही राहिल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ला केडगावलाच त्या गेल्या. मुक्ती मात्र चालू राहिली, आजही आहे.

हे सगळं मी काकूंना वहीत लिहून दाखवलं. बोलण्यापेक्षा आमचं असंच बरं चालतं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. बार्तीमी सदनाच्या ओळीवर परत आल्या. मग वहीतच खाली लिहिलं, की रत्नागिरीहून केडगावला थेट गाडी आहे का? नाही, मी लिहिलं. एस.टी.ने पुण्यापर्यंत जायचं आणि तिथून दौंडची गाडी पकडायची.